रिकाम्या पोर्टचे वॅट

दसऱ्याची सुट्टी संपवून रणजीत कामावर आला, खुर्ची ओढून बसला, स्क्रीन उघडली आणि त्याला दिसलं की बावीस नंबरचा पोर्ट वीज खातोय. थोडीशीच. घरातल्या झिरोच्या बल्बाइतकीसुद्धा नाही. दुसऱ्या कुणी ते पाहिलं असतं तर चहा मागवला असता आणि विसरूनही गेला असता. पण रणजीतनं त्या आकड्याकडे असं पाहिलं, जणू आपल्या घराचं कुलूप आपण लावलं होतं तसंच आहे, फक्त आत कुणीतरी खोकतंय. नेटवर्कचा स्विच म्हणजे वायरी खुपसायच्या खाचांची, पोर्टांची पेटी; तिच्या ज्या वायरीतून माहिती जाते त्याच वायरीतून फोनला, कॅमेऱ्याला, वायफायच्या डब्याला वीजही जाते, आणि कोणता पोर्ट किती वॅट ओढतोय ते त्याच्या स्क्रीनवर दिसतं. बावीसच्या पुढे त्यानं स्वतः 'रिकामा' असं लिहून ठेवलेलं होतं. रिकाम्या पोर्टला भूक कशी लागते? आणि गंमत पुढेच होती. त्या पोर्टमधून एक अक्षर आत येत नव्हतं, एक अक्षर बाहेर जात नव्हतं. पलीकडे जे काही होतं ते बोलत नव्हतं, नुसतं खात होतं. बोलणाऱ्या माणसाला रणजीत फारसा भीत नसे. गप्प बसून खाणाऱ्याची मात्र त्याला लहानपणापासून धास्ती.

शिरवण्याच्या एमआयडीसीतली ही औषधं साठवून ठेवणारी कंपनी, आणि तिच्या मागच्या बाजूची ही बिनखिडकीची खोली. खोलीत रणजीत आणि त्याचे म्हातारे सर्व्हर. म्हातारे म्हणजे इतके, की ज्यांनी ते बनवले त्यांनीही त्यांना टाकून दिलेलं. एकाचा पंखा सुरू होताना कण्हतो, एकाला मेमरीची पट्टी काढून पुन्हा दाबून बसवल्याशिवाय जागच येत नाही, एक उन्हाळ्यात रुसतो. कुणाला काय दुखतं ते फक्त रणजीतला ठाऊक, आणि हे एकट्याला ठाऊक असणं हीच त्याची नोकरी होती. पावसाळ्याच्या तोंडावर प्रियदर्शिनी मॅडम वरच्या जागेवर आल्या आणि पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाल्या, की हे सगळं आता बाहेर भाड्याच्या मशीनवर हलवायचं, ही खोली मोकळी करायची. मग हसून म्हणाल्या, "रणजीत, कुठलं मशीन काय करतं ते मला जरा सांगून ठेवा ना." जरा. त्या दिवसापासून तो जराजराच सांगत होता. आज एका मशीनचं, पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्याचं, तेही अर्धं. सगळं सांगून झालं की सांगणाऱ्याचं काय करतात ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. सीवूड्सच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते, मुलगी ज्ञानेश्वरी बारावीत होती, आणि पंचेचाळिशीच्या माणसाला म्हाताऱ्या सर्व्हरसकट कोण ठेवून घेतो? तेव्हा बावीस नंबरकडे बघताना त्याच्या मनात पहिला शब्द आला तो 'कॅमेरा'. मॅडमनी डोळा बसवलाय. आपण काय करतो, कुणाशी बोलतो, दुपारी डोळा लागतो का, सगळं जमा होतंय.

बसवला कधी, याचं उत्तर त्याला लगेच सापडलं आणि ते सापडल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. खंडेनवमीला. वर्षातून तो एकच दिवस रणजीत स्क्रीनला हात लावत नाही. त्याचे वडील हौसेराव साताऱ्याकडून येऊन तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी झाले, जन्मभर पोती वाहिली. खंडेनवमीला पोत्यात रुतवायचा त्यांचा लोखंडी हूक पाटावर झेंडूत बसायचा, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही म्हणजे नाही, गाळ्यावर मालाची गाडी येऊन उभी राहिली तरी नाही. रणजीतनं तो नेम इथं आणला. चालते सर्व्हर काही निजवता येत नाहीत, म्हणून सगळ्यांच्या वतीनं पूजा घ्यायला एक मेलेला सर्व्हर रॅकच्या तळाशी ठेवलेला होता. दरवर्षी त्यालाच हळदकुंकू, त्यालाच हार, त्याच्याच समोर पेढे. एरवी कुत्रं फिरकत नाही त्या खोलीत त्या दिवशी सगळी कंपनी येऊन फोटो काढते. यंदाही आली होती. मॅडमही आल्या होत्या, चपला बाहेर काढून. आणि विलास शिडीवर चढून तोरण बांधत होता. आता बसल्या जागी रणजीतला स्पष्ट दिसलं: तोरणाच्या वर खोट्या छताची एक फळी सरकवलेली, विलासचा हात कोपरापर्यंत आत. तेव्हा त्यानं स्वतःच खालून पेढा दाखवत विचारलं होतं, "काय घूस शिरली काय रे वर?" आणि विलास म्हणाला होता, "वायरी लोंबतान, बांधून टाकतो." तेव्हा ते उत्तर पेढ्याबरोबर गिळलं गेलं. आता वर आलं.

विलास म्हणजे कंपनीचा इलेक्ट्रिशियन, शिरवणे गावातलाच. कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून त्याचं घर. कधीकाळी भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्याच्या आजोबाचं भातशेत होतं, असं तो एकदाच बोलला होता, तेही हसत. रणजीत आणि तो किती वर्षं एका बाकावर जेवत होते ते दोघांनाही सांगता आलं नसतं. विलासच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट रणजीतकडे यायची, रणजीतच्या डब्यातलं सातारी खर्डा घातलेलं पिठलं विलासकडे जायचं. आता रणजीत आठवायला लागला, की अलीकडे विलास जेवताना सारखा मोबाईल बघतो. मोबाईल पालथा ठेवतो. आपण जवळ सरकलो की खिशात टाकतो. एकदा संशय आला की माणूस जुन्या दिवसांचीही झडती घेतल्याशिवाय सोडत नाही. दोन दिवसांत रणजीतनं त्या बाकावरच्या सगळ्या दुपारी उलट्यापालट्या करून पाहिल्या.

आकड्यांवर तर त्यानं नजरच लावली. कामं बाजूला राहिली, मॅडमचे ई-मेल तसेच पडले, आणि हा बावीसच्या रेघेसमोर बसून. रेघ सरळ नव्हती. सकाळी खाली असायची, जेवणाच्या सुट्टीच्या आसपास चढायची, चारच्या चहाला उतरायची आणि दिवेलागणीला पुन्हा चढून रात्रभर वरच राहायची. अंधारात बघणारे कॅमेरे असतात. उजेड गेला की त्यांचे लाल दिवे पेटतात आणि तेवढे वॅट वाढतात, हे रणजीतला झोपेतही सांगता आलं असतं. जेवायला जाताना खोलीचा दिवा कोण घालवतं? तोच. संध्याकाळी जाताना? तोच. मग झालंच की. उजेड इथं जातो, डोळा इथंच पेटतो. जेवणाहून तो परत येतो आणि दिवा लावतो, तरी रेघ चारपर्यंत वरच राहते, ही गोष्ट त्याला दिसली नाही असं नाही. ती त्यानं बाजूला ठेवली. मनात एकदा चोर ठरला की न जुळणारी गोष्ट माणूस अशीच बाजूला ठेवतो, आणि रणजीतसारखा वॅटच्या दशांशावर भांडणारा माणूसही ठेवतो. त्यानं खोलीचा कोपरा न् कोपरा चाचपला. रॅकच्या मागे हात घातला, सुकलेल्या हाराच्या पाकळ्या झटकल्या, एसीच्या जाळीत टॉर्च मारला. काही सापडलं नाही. बावीसची वायर स्विचमधून निघून इतर वायरींच्या गठ्ठ्यात शिरत होती आणि गठ्ठा छतात. छतात चढायचं तर शिडी हवी, आणि शिडीच्या खोलीची किल्ली विलासकडे.

घरी बायको सुनयना म्हणाली, "जेवताना वर काय बघतोस?" तो पंख्याच्या वाटीकडे बघत होता. त्यानं तिला थोडंसं सांगितलं, विलासचं नाव घेतलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. "विलासभावजी? तुझ्या ताईंच्या लग्नात रात्रभर लायटिंग सांभाळत बसले होते ते? तू ना, देवळात गेलास तरी देवाकडं बघायचं सोडून चपलांकडं बघत बसतोस." ज्ञानेश्वरी हसली. रणजीतही हसला, कारण हसलं नाही तर विषय वाढतो. मग बराच वेळ त्याला बाबांचे खिसे आठवत राहिले. मार्केटात एका गाळ्यावर लवंगेचं पोतं हलकं भरलं आणि शेठनं टोळीतल्या सगळ्यांची झडती घेतली. कुणाकडे काही निघालं नाही. काटाच चुकीचा होता, हे पुढं आठवड्यानं कळलंही. शेठनं चहा पाजला, प्रकरण मिटलं. पण बाबांचं मिटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मार्केटच्या गेटवर आले की बाबा थांबायचे आणि कुणी न सांगता बंडीचे दोन्ही खिसे ओढून बाहेर काढायचे. पांढरी अस्तरं लोंबायची, त्यातून तंबाखूची भुकटी पडायची. वॉचमन कंटाळून म्हणायचा, "हौसेराव, जा की आता." तरी बाबा काढायचेच. रिटायर होईपर्यंत काढत होते. शाळेतून डबा द्यायला गेलेल्या रणजीतनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला बाबांची लाज वाटली, आणि त्या लाजेची लाज अजून वाटत होती. आपल्यावर कुणी संशय घ्यायच्या आत आपण घ्यायचा, गेटच्या त्या बाजूला नाही, ह्या बाजूला उभं राहायचं, हे त्याचं तिथंच ठरलं असावं.

शुक्रवारी दुपारच्या जरा आधी त्यानं बावीसची वीज तोडली. जागेवरून उठायचीही गरज नव्हती. एक क्लिक, आणि रेघ तळाला गेली. वायर शोधण्यापेक्षा हे सोपं होतं. डोळा फुटला की कोण कळवळतं ते फक्त बघायचं. त्याला बरं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर मजा वाटली, कित्येक दिवसांनी. तो आधी मॅडमच्या केबिनवरून गेला. त्या फोनवर कुणाशी तरी भाचीच्या बारशाचं बोलत होत्या, त्याला बघून त्यांनी मान हलवली. काही फरक नाही. मग तो बाकावर जाऊन डबा उघडून बसला. विलास आला, भाकरी मोडली, मोबाईल काढला आणि त्याचा हात तसाच राहिला.

"रेंज हाय का रं तुला?" विलासनं विचारलं.

"आहे की. का?"

"नाय. असंच." त्यानं मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. उठून कंपाउंडपाशी गेला, हात वर धरून उभा राहिला, परत आला. भाकरीला हात लावला नाही. रणजीत सावकाश जेवत होता. प्रत्येक घास त्याला चवदार लागत होता. "काय बघायचं राहिलंय एवढं?" त्यानं विचारलं, आणि विलासनं त्याच्याकडे पाहिलं ते इतकं घाबरून, की रणजीतला खात्रीच पटली. "आलोच," विलास म्हणाला, आणि डबा तसाच उघडा टाकून मागच्या गेटकडे जवळजवळ धावत गेला. माशा बसायला लागल्या तसं रणजीतनं त्या डब्यावर झाकण ठेवलं. का ठेवलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

विलास परत आला नाही. रणजीत मग सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेला. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "मॅडम, माझ्यावर लक्ष ठेवायचं होतं तर सांगायचं होतं. मी स्वतः कॅमेरा बसवून दिला असता." प्रियदर्शिनीनं चष्मा काढला. तिला खरोखरच काही कळलं नव्हतं, आणि न कळण्याचं सोंग इतकं चांगलं वठत नाही. "तुमच्या खोलीत कॅमेरा? कशाला? तिथे बघण्यासारखं काय आहे?" मग जरा थांबून, थोडी दुखावूनच म्हणाली, "रणजीत, नव्या जागी तुम्हालाच न्यायचं म्हणून मी वर भांडतेय. तुम्ही मशीनचं सांगत नाही, म्हणून अडलंय सगळं." रणजीत 'सॉरी मॅडम' म्हणून बाहेर आला.  ही बाई नाही, मग विलास कुणासाठी करतोय? इतकं होऊनही त्याच्या मनात प्रश्न आला तो हा. खोलीत येऊन बसतोय तोच फोन वाजला. विलास. मागे गर्दीचा, गाड्यांचा आवाज.

"आये परली रं," विलास म्हणाला. "खुब्याचा हाड. वाशीला हास्पिटलात आणलीय. सायबाला सांग, चार दिवस नाय येत."

रणजीत म्हणाला, सांगतो. कशी पडली? विलास बोलत राहिला, भ्यालेला माणूस बोलतो तसा, न विचारलेलंही सांगत. आई घरात एकटी असते, बायको क्रांती सकाळी उलव्याला कामाला जाते. पावसाळ्यात आई एकदा मोरीत बसून राहिली होती, दुपारभर कुणाला पत्ता नाही. म्हणून कॅमेरा लावला. पण गावात लाईट सारखी जाते, आणि कंपनीची कधी जात नाही. म्हणून दसऱ्याच्या गडबडीत छतातून एक वायर भिंतीपलीकडे टाकली. "चोरीच हाय ती. पन नुसती वीज घेतली, कंपनीच्या नेटला हात नाय लावला. सिम टाकलाय त्यात. तुला सांगनार होतो रं, पन तुला माहीत असता तर उद्या तुझ्यावर आला असता. तू अगोदरच टेन्शनमधी." मग त्याचा आवाज खाली गेला. "दुपारी फोटोच येयाचा बंद झाला. म्हनून धावलो. तुझ्या साईडला काय झाल्ता का? पोर्ट गेल्ता?"

ह्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मध्ये फारसा वेळ नव्हता. तेवढ्यात रणजीतला मेलेल्या सर्व्हरवरचं कुंकू दिसलं, पंख्याचं कण्हणं ऐकू आलं, आणि खरं सांगायचं असेल तर ते आत्ताच, नंतर कधीच नाही, हेही त्याला कळलं.

"जुना स्विच आहे रे," तो म्हणाला. "गरम झाला की लोड घेत नाही. आपोआप बंद पडतो एखादा पोर्ट."

"हां," विलास म्हणाला. "जुना ता जुनाच. तू तरी काय करशील."

फोन ठेवल्यावर रणजीतनं बावीसची वीज चालू केली. रेघ वर आली आणि वरच राहिली. चारचा चहा आला, निवला, तरी ती खाली आली नाही. भिंतीपलीकडच्या त्या घरात अंधार होता, खिडकी लावलेली होती आणि ती उघडायला आज कुणी नव्हतं. एवढंच होतं त्या रेघेत, इतके दिवस. एक म्हातारी दुपारी निजताना खिडकी लावायची आणि चहाला उठली की उघडायची.

ऑपरेशन झालं, विलासची आई यशोदाबाई घरी आल्या, विलास कामावर येऊ लागला. बाकावर डबे पुन्हा उघडले. पोर्टाचा विषय विलासनं काढला नाही, आणि रणजीतचा नवा छळ सुरू झाला. तो 'जुना ता जुनाच' म्हणाला ते कसं म्हणाला? वीस वर्षं वायरी जोडणारा माणूस, गरम होऊन एकच पोर्ट बंद पडतो यावर विश्वास ठेवेल? सुकटीचा वाटा पूर्वीसारखाच येत होता, की जरा जास्त? मॅडमना त्यानं सगळ्या मशीनचं सांगून टाकलं, एका बैठकीत, काही मागे न ठेवता, आणि त्या खूश झाल्या. त्याला मात्र त्यात काही वाटलं नाही. शेवटी विलासच म्हणाला, "घरी जाऊन ये एकदा. आये इचारते तुला." त्या दुपारी रणजीत पपई आणि बिस्किटांचे पुडे घेऊन मागच्या गेटनं गेला. भिंत संपली की घर.

यशोदाबाई खाटेवर होत्या. त्यांच्यासाठी ठेवलेली सकाळची बाई काम आटोपून खिडकी लावून गेली होती, आणि अर्धवट अंधारात कपाटाच्या वर कॅमेऱ्याचे लाल ठिपके मंद दिसत होते. रणजीतनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मावशी, मी रणजीत. विलासबरोबर असतो."

"कोन, डब्यावाला?" म्हातारीनं हात पुढे केला. "बस बाला. तुझा खर्डा खाल्लाय मी." हात हलका होता, आणि तिनं तो रणजीतच्या मनगटावरून काढला नाही. तो म्हणाला, फार लागलं ना मावशी. ती म्हणाली, "माझीच चूक. इलास सांगून जेला होता, आये, तो लाल दिवा दिसला म्हंजी मी बगतो तुझ्याकरं. खिरकी लावली का दिवा लागतं. रोज लागतं. त्या दिशी लावली न लागलाच नाय. मना वाटला, पोऱ्याला काय झाला. विजेचा काम त्याचा. चिटकला का काय कुठं." तिनं दुसऱ्या हातानं कपाटाकडे दाखवलं. "म्हनून स्टुलावर चरले. हात लावून बगू म्हटला."

रणजीतला बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं. एवढ्यात खिशात फोन वाजला. विलास. "दिसतोयस रं तू," विलास म्हणाला. मागे कंपनीचा भोंगा ऐकू येत होता. "आयेजवल बसलायस. बरा वाटला." रणजीतनं त्या आवाजात कान घालून शोधलं, चिमटा होता का, कडू काही होतं का. काही सापडलं नाही. साधा आवाज होता, रोजचा, भाकरी पुढे करणारा. आणि ते न सापडणं त्याला सोसेना. तो उठला. कपाटासमोर उभा राहिला, त्या लाल ठिपक्यांच्या बरोबर खाली, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी त्यानं पँटचे दोन्ही खिसे ओढून बाहेर काढले. किल्ल्या खाली पडल्या, रुमाल पडला. पांढरी अस्तरं लोंबत राहिली.

"काय शोधतोस रं?" फोनमधून विलासनं विचारलं.

"काय हरवला बाला?" खाटेवरून म्हातारी म्हणाली.

 खिसे तसेच धरून रणजीत दिव्याखाली उभा राहिला.